डब्यांच्या स्वयंपाकघरातील पुसण्यांचे काम : नोंदी, मे ते सप्टेंबर 2024

14 मे

आज दुपारी एका जुन्या ग्राहकांचा निरोप आला की डबा उघडला की पोळ्यांना कुबट वास येतो. पहिला संशय अर्थातच कणकेवर गेला, पण त्याच कणकेच्या घरात राहिलेल्या पोळ्यांना कसलाही वास नव्हता. मग नुकताच धुऊन पुसलेला एक रिकामा डबा झाकण लावून अर्धा तास बाजूला ठेवला आणि उघडून हुंगला, तर अगदी तोच वास आला. दोष डब्याचाही नव्हता, तो ज्या फडक्याने पुसला होता त्या फडक्याचा होता.

मिरजेतील आमच्या या स्वयंपाकघरातून रोज दोन वेळचे 45 डबे जातात. प्रत्येक डबा चार खणांचा असल्यामुळे एका वेळेला 180 खण आणि त्यांची झाकणे पुसून कोरडी करावी लागतात. भाजी, आमटी, पोळी या प्रत्येक गोष्टीचा आम्ही जेवढा विचार केला, त्याचा दहावा भागही फडक्यांचा केला नाही, हे आज मान्य करते. संध्याकाळी सगळी फडकी एका जागी काढून मोजली तर 31 भरली. त्यात दिवाळीला भेट आलेले छापील नॅपकिन होते, जुन्या चादरीचे तुकडे होते आणि ओट्यासाठी घेतलेली पण हळूहळू डब्यांपर्यंत पोचलेली फडकीही होती. कोणते कशासाठी, हे घरात कोणालाच सांगता आले नाही.

17 मे

फडके पाणी शोषते की नाही, हे हाताने चाचपून कळत नाही, कारण मऊपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि शोषकता वेगळी. वस्त्रोद्योगात यासाठी एक सोपी थेंबचाचणी वापरतात. ताणून धरलेल्या कापडावर सुमारे एक सेंटिमीटर उंचीवरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि त्यावरची चकाकी नाहीशी होऊन नुसता ओला डाग उरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पाच सेकंदांच्या आत थेंब जिरला, तर कापड चांगले शोषक समजतात. कापड ताणायला मी भरतकामाची लाकडी कडी घेतली आणि थेंबासाठी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरली.

छापील नॅपकिनवर थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला. एक मिनिट झाले, दोन झाली, तरी त्यात खिडकीचे चौकोनी प्रतिबिंब स्पष्ट दिसत होते. याच नॅपकिनांनी आम्ही सहा महिने डबे पुसत आहोत, म्हणजे खरे तर पाणी एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत आहोत. याउलट सासूबाईंनी पोळ्यांसाठी राखून ठेवलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यावर थेंब टेकला न टेकला तोच पसरून दिसेनासा झाला, त्यामुळे सेकंद मोजण्याचा प्रश्नच आला नाही. सासूबाई त्या फडक्याला कोणाला हात लावू देत नाहीत, त्याचे कारण आज मला समजले.

21 मे

इचलकरंजीला जाऊन आले. यंत्रमागांच्या गावात कापड थेट पाहून घेता येते आणि प्रश्न विचारले तर सांगणारी माणसेही भेटतात, म्हणून एवढ्यासाठी बस पकडणे मला योग्य वाटले. दुकानात तीन प्रकारचे कापड पाहिले: साधी वीण, डॉबी मागावर विणलेली खोलगट चौकटींची वीण, जिला बाजारात वॅफल म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी सुताचे फास असलेले टर्किश. टर्किशचे नॅपकिन सोलापूरचे होते.

थेंबाची बाटली मी बरोबर नेली होती. दुकानदारांच्या परवानगीने साध्या विणीच्या कोऱ्या कापडावर थेंब सोडला, तेव्हा तो तसाच बसून राहिला. ते म्हणाले, “ताई, याच्यात अजून खळ आहे. चार पाण्यांतून काढा आणि मग बघा.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मागावर उभ्या धाग्याला सतत ताण आणि घर्षण सोसावे लागते, म्हणून विणण्याआधी सायझिंगमध्ये त्याला खळ चढवतात. शिवाय कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. कापसाचा तंतू हा जवळजवळ निव्वळ सेल्युलोज आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, पण वरचे मेण आणि खळ निघाल्याखेरीज पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. कारखान्यात हे काम कॉस्टिक सोड्यात कापड उकळून करतात. घरी कॉस्टिक हाताळणे धोक्याचे असल्याने आपण धुण्याच्या सोड्यावर भागवावे.

घेताना तीन गोष्टी पाहिल्या. कापड उजेडासमोर धरून वीण सारखी आहे ना, हे पाहिले. काठ दुमडून पक्का शिवला आहे की नुसता कापून सोडला आहे, हे पाहिले, कारण सुटलेले दोरे डब्याच्या कडीत अडकतात. तिसरी गोष्ट सुताची. कापड शंभर टक्के सुती आहे असे सांगतात, पण खात्रीसाठी कडेचे दोन दोरे काढून दाराबाहेर पेटवून पाहिले. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. तिन्ही प्रकारांचे थोडे थोडे नमुने आणले आणि पुढच्या चाचणीपर्यंत मोठी खरेदी करायची नाही असे ठरवले.

24 मे

खळ काढली. सर्व नमुने रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवले आणि सकाळी ते पाणी फेकले. ते पेजेच्या निवळीसारखे ढगाळ आणि किंचित चिकट होते. मग मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून नमुने अर्धा तास उकळले. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. कोऱ्या कापडावरचे सरकीच्या टरफलाचे काळे ठिपके मात्र तसेच राहिले. ते दिसायला बरे नसले तरी कामाला आड येत नाहीत.

खळ खरोखर निघाली का, हे पाहण्यासाठी जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब न धुतलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर टाकला. तेथे क्षणात शाईसारखा निळा-काळा डाग उमटला, म्हणजे पिष्ट आहे. उकळलेल्या कापडावर तोच थेंब नुसता तपकिरी राहिला. आयोडीनचे दोन्ही कोपरे कापून टाकले आणि वहीच्या पानावर टाचले.

उकळलेल्या साध्या विणीच्या कापडावर थेंब आता तीन सेकंदांत जिरतो. हेच कापड तीन दिवसांपूर्वी दुकानात मी नापास ठरवले असते.

29 मे

आज तुलना केली. कोरड्या नमुन्याचे वजन करायचे, पाण्यात पूर्ण बुडवायचा, एका कोपऱ्याने दोन मिनिटे टांगायचा आणि निथळल्यावर पुन्हा वजन करायचे, अशी पद्धत ठेवली. टर्किश 96 ग्रॅमवरून 430 वर गेले, वॅफल 73 वरून 285 वर आणि साधी वीण 63 वरून 190 वर. धोतराचे दुहेरी शिवलेले फडके 42 वरून 135 वर गेले. धाकट्या जाऊबाईंनी आणलेला मायक्रोफायबरचा तुकडाही चाचणीत घेतला, तो 48 वरून 230 वर गेला.

नुसत्या आकड्यांवर जायचे तर टर्किशच घ्यावे लागेल. त्यातला प्रत्येक फास म्हणजे पाणी धरून ठेवणारी वाढीव जागा असते. परंतु हेच नमुने स्वयंपाकघरात सावलीत वाळत घातल्यावर चित्र पालटले. धोतराचे फडके सव्वा तासात, साधी वीण दीड तासात आणि वॅफल अडीच तासांत वाळले, तर टर्किशला साडेचार तास लागले, आणि हा मे महिना आहे. सकाळचे डबे पुसल्यानंतर संध्याकाळच्या फेरीला टर्किश आतून ओलसरच असणार, आणि पावसाळ्यात तर ते दुसऱ्या दिवशीही वाळणार नाही. शिवाय त्याचे फास डब्याच्या कडीत आणि चिमट्यात अडकून उसवतात.

त्यानंतर प्रत्यक्ष खण पुसून पाहिले. वॅफलने ओले खण भराभर कोरडे होतात, कारण उंच कडा पाणी टिपतात आणि मधले खळगे ते साठवतात. एका वॅफलमध्ये 20 खण आणि त्यांची झाकणे स्वच्छ कोरडी झाली, त्यानंतर स्टीलवर पुसट ओली रेघ राहू लागली. फडके बदलायची खूण मी ही रेघच धरते आहे.

मायक्रोफायबरने काच आणि स्टील लखलखीत पुसले जाते, हे मी नाकारत नाही. पण तो पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचा असतो, उकळता येत नाही, गरम भांड्याला लागला तर वितळतो आणि धुताना त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. अन्नाच्या भांड्यांसाठी मला तो नको.

5 जून

निर्णय झाला. डब्यांसाठी वॅफल, हात पुसायला सोलापुरी टर्किशचे छोटे नॅपकिन, ओट्यासाठी साधी वीण आणि पोळ्यांसाठी धोतराचे मऊ कापड. एका वेळच्या 180 खणांना 9 वॅफल पुरतील, दोन वेळचे 18, आणि एक संच अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात या हिशेबाने 54 घ्यायचे. खर्च अंगावर आला, पण महिन्याकाठी वाया जाणारे कागदी रुमाल बंद केल्यावर तो भरून निघेल.

प्रत्येकाची ओळख पटावी म्हणून काठावर रंगीत दोऱ्याची धावती टीप घातली. डब्यांना निळी, हातांना हिरवी, ओट्याला लाल, आणि पोळ्यांचे फडके पांढरेच. भांडी घासणाऱ्या मावशींनी सुचवले की लाल टीप दोन्ही बाजूंना हवी, कारण घाईत फडके उलटे पडते. ती सूचना तत्काळ मान्य केली.

12 जून

कापड धुतल्यावर लांबीत जवळजवळ चार बोटे आटले. म्हणून सगळे कापड आधी खळ काढून, वाळवून आणि मगच बेतून शिवले. ज्यांनी आधी शिवले त्यांचे काठ वाकडे होतात, हे चादरींच्या बाबतीत आम्ही पूर्वी भोगले आहे.

27 जून

पाऊस सुरू झाला आणि खरी परीक्षाही. दोन दिवस ऊन नाही आणि परवा एका निळ्या टिपेच्या फडक्याला पुन्हा तोच वास आला. शोध घेतला, तेव्हा ते नळाशेजारच्या खिळ्यावर बोचक्यासारखे अडकवलेले सापडले. वरून कोरडे आणि घडीच्या पोटात ओले. अन्नाचे सूक्ष्म कण, ऊब आणि ओल एकत्र आल्यावर जंतूंना आणखी काही लागत नाही.

मॉरिशस विद्यापीठातील संशोधकांनी महिनाभर वापरलेली 100 फडकी तपासून 2018 मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो मला इथे फार उपयोगी वाटतो. त्यांपैकी 49 फडक्यांवर जंतूंची वाढ आढळली. भांडी, हात आणि ओटा या सगळ्याला एकच फडके वापरणाऱ्या घरांत आणि ओलसर राहिलेल्या फडक्यांवर ती अधिक होती. आमची 14 मेची परिस्थिती नेमकी हीच होती.

खिळे आज काढून टाकले. मागच्या पडवीत दोन दोऱ्या बांधल्या आणि फडके दुहेरी न टाकता एका काठाने चिमट्यांत लावायचे, दोन फडक्यांमध्ये वीतभर अंतर ठेवायचे, आणि खाली पंखा लावायचा, असे ठरले. वापरलेले फडके बादलीत भिजत ठेवायचे नाही. लगेच धुता आले नाही तर ते पसरून ठेवायचे, कारण रात्रभर साचलेल्या पाण्यातच वास तयार होतो. निळ्या आणि हिरव्या टिपेची फडकी रोज साबणाच्या गरम पाण्यात, आणि आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे. पोळ्यांची फडकी वाळत आली की कडक इस्त्री फिरवायची. पावसाळ्यात उन्हाची जागा इस्त्रीच घेऊ शकते.

9 जुलै

हळदीबद्दल. ओट्याच्या फडक्यावर रश्शाचा पिवळा डाग पडला होता. त्यावर कपड्यांचा साबण लावताच तो कुंकवासारखा लाल झाला आणि नवीन मदतनीस मुलगी घाबरली. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी साबणात लाल होते आणि साबण निघाला की पुन्हा पिवळे होते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. त्याच रंगद्रव्याला ऊन मात्र सोसत नाही. डागाचे फडके ओले असतानाच उन्हात पसरावे. मंगळवारी सकाळी दोन तास ऊन पडले, तेवढ्यात डाग केळीच्या सालीसारखा फिका झाला. हळदीच्या डागासाठी ब्लीच वापरून सुती धागा कमजोर करणे मला पटत नाही.

15 जुलै

आज निळ्या टिपेच्या फडक्यांचा थेंब अचानक 40 सेकंदांवर गेला. फडकी दिसायला स्वच्छ, हाताला मऊ आणि सुगंधी होती, आणि कारण त्या सुगंधातच होते. जाऊबाईंनी चांगल्या हेतूने शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे द्रव्य घातले होते. त्यातील धनभारित रेणू सुताच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि त्यांच्या स्निग्ध शेपट्या बाहेरच्या बाजूस राहतात. कापड मऊ लागते, कारण धाग्यांना जणू वंगण मिळते, आणि त्याच वंगणावरून पाणी घसरते.

जाऊबाईंना थेंब दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतः भिंग घेऊन तो पाहिला आणि बाटली माडीवर कपड्यांच्या कपाटात नेऊन ठेवली. सोड्याच्या उकळत्या पाण्यातून दोनदा काढल्यावर फडकी चार सेकंदांवर आली. पोळ्यांच्या फडक्यांना हे द्रव्य लागले असते तर सुगंध थेट पोळीत उतरला असता, म्हणून ती यापुढे वेगळ्या पातेल्यात धुवायची.

पोळीच्या फडक्याविषयी थोडे अधिक लिहून ठेवते, कारण या सगळ्या कामात मला तेच सर्वांत नाजूक वाटते. तव्यावरून उतरलेली पोळी पाच-सहा मिनिटे वाफ सोडत असते. फडक्याने ती वाफ प्यायली नाही, तर ती डब्याच्या तळाशी पाणी होऊन बसते आणि खालची पोळी चिकट होते. फडक्याने ती फार वेगाने बाहेर जाऊ दिली, तर पोळीच्या कडा वातड होतात. धोतराचे दुहेरी कापड आतल्या बाजूने दमट आणि बाहेरून कोरडे राहते, आणि पोळीला तेवढेच हवे असते. टर्किशमध्ये पोळ्या बांधून पाहिल्या, तर त्यांवर फासांचे ठसे आणि दोन ठिकाणी सुताचे तूस निघाले.

2 ऑगस्ट

आठवडाभर बोअरचे पाणी वापरावे लागले. साबणाला फेस येत नव्हता आणि फडकी वाळल्यावर पापडासारखी कडक झाली. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात आणि तो धाग्यांत बसतो. थेंब 11 सेकंदांवर गेला. पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून फडकी अर्धा तास ठेवली आणि मग स्वच्छ पाण्यातून काढली. त्यानंतर ती पुन्हा लवचीक झाली. पुढच्या धुण्यात साबणाआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घातला, म्हणजे साका मुळात बनत नाही.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली आहे: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

20 ऑगस्ट

आज मावशींच्या तळहाताला चटका बसला. चूक माझी होती, कारण गरम कढई उतरवण्यासाठी वेगळे जाड फडके मी ठेवलेच नव्हते आणि त्यांनी हाताशी आलेले ओले वॅफल घेतले. कोरड्या कापडात अडकलेली हवा उष्णता अडवते, ओल्या कापडातले पाणी ती झपाट्याने पोचवते आणि वर त्याची वाफ होते. मावशींचा हात लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरला, फोड आला नाही. संध्याकाळी टर्किशच्या चार पदरांची दोन धरणी शिवली, काळ्या टिपेची, आणि ती कायम कोरडी राहावीत म्हणून शेगडीपासून दूर वेगळ्या कडीला लावली.

तळणीचे तेल टिपलेली फडकीही आजपासून वेगळी. तेलाने माखलेले सूत पाणी घेत नाही, म्हणून आधी भांड्यांचा साबण चोळून मगच गरम पाणी. अशा फडक्यांचा ढीग करून ठेवायचा नाही. आमच्याकडे करडईचे तेल वापरतात. करडई आणि जवस ही हवेत सुकणारी तेले आहेत, सुकताना ती उष्णता सोडतात आणि ढिगाच्या पोटात ती उष्णता साठत जाऊन कापड आपोआप पेटू शकते.

8 सप्टेंबर

काल गणेश चतुर्थी झाली. उकडीच्या मोदकांची मागणी मोठी होती आणि पांढऱ्या फडक्यांनी उत्तम साथ दिली. मळलेल्या उकडीवर ओले पिळलेले फडके झाकले, तर ती दोन तास मऊ राहिली. मोदकपात्राच्या चाळणीवर तेच ओले अंथरले आणि झाकणाखालीही एक बांधले, त्यामुळे झाकणावरची वाफ पाणी होऊन मोदकांवर टपकली नाही. एकही मोदक तळाशी चिकटून फुटला नाही.

28 सप्टेंबर

निळ्या टिपेच्या 54 फडक्यांचा आज एकेक थेंब घेतला. 49 पाच सेकंदांच्या आत आहेत. तीन फडक्यांत तेल मुरले आहे, ती पुन्हा सोड्यात उकळून पाहायची. दोन मध्यभागी विरली आहेत, उजेडासमोर धरली की पलीकडची खिडकी दिसते. त्यांची निळी टीप उसवून लाल घातली आणि ती ओट्याकडे पाठवली. तिथून ती पुढे शेगडी पुसायची मसोती होतील.

मे महिन्यात निरोप पाठवणाऱ्या ग्राहकांना आज फोन करून मुद्दाम विचारले. पोळ्यांना वास येत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि उद्यापासून एक डबा वाढवा म्हणाले. म्हणजे चार खण वाढले. सध्याच्या 9 फडक्यांत ते बसणार नाहीत, तेव्हा कपाटातले दहावे काढायचे आणि पुढच्या खेपेला इचलकरंजीहून सहा वॅफल अधिक आणायची.